नऊ खुंट्या

"अहो, त्यांना बोलू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण आमच्या भागवतरावांच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना.

"सात वर्सं झाली, मॅडम. आधी डोळ्याला अंधारी आल्ती, मंग पायाला मुंग्या. आता उजवा हात बिलकुल ऐकून न्हाई राह्यला."

आजार माझा, पाठ यांना!

बाईंनी तरी आवरतं घ्यावं? "मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे, मेंदूकडून येणारी नस ही वायर समजा, तिच्यावरचं प्लॅस्टिक निघालं की..." आजवर पाच डॉक्टरांनी मला हीच वायर सोलून दाखवली. एव्हाना मी वायरमन व्हायला हवी होते.

संभाजीनगरच्या त्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नकली. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही कळणार नाही. "समजलं का, दैवशालाबाई?" त्यांनी तीनदा विचारलं.

"आमच्या बियाण्याच्या पाकिटावर बी नंबरच राहतो, जातीचं नाव न्हाई. पुढं बोला."

नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत एकोणीस वर्षं मी उगवण तपासली. चिमटीने दाणे उचलून ओल्या कागदावर शंभर-शंभर मांडायचे. दिवाळीपासून दाणे निसटायला लागले आणि मला गेटवरच्या रजिस्टरवर बसवलं.

आता त्याच उजव्या हाताने फळीच्या नऊ छिद्रांत नऊ खुंट्या बसवायच्या आणि काढायच्या होत्या. पाच मिनिटांत झालं तर चाचणीत नाव, नाही तर घरी.

घड्याळ सुरू झालं. पाच बसल्या. सहावी घरंगळली. बाई खाली मान घालून काही लिहीत होत्या. तेवढ्यात भागवतरावांनी हळूच बोटाने ती खुंटी छिद्रात ढकलली आणि वर मला डोळा मारला!

माझं टाळकंच सटकलं. एकदा कंपनीत साहेब म्हणाले होते, शंभरात बहात्तर दाणे उगवलेत, पास व्हायला पंचाहत्तर लागतात, तेवढे लिही. मी बहात्तरच लिहिले होते.

"मॅडम, ह्यांनी हात लावला. पहिल्यापासून घ्या."

"अगं, येडी का काय तू? नाव कटंल ना!"

"कटू द्या. हात माझा हाय, आकडा बी माझाच लागू द्या."

यांचा चेहरा इतका उतरला की मला रागही आला आणि रडूही. पण बोललेलं मागे घेतलं नाही.

घड्याळ पुन्हा सुरू झालं. दमलेल्या हातातून पहिलीच खुंटी खाली पडली. भागवतराव वाकले, थबकले, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. मी दुसरी उचलली.