झिमरमनांचा साखरपुडा

आमच्या ह्यांना, म्हणजे सोलोमन आवासकरांना, एक खोड आहे. माणूस भेटला की आधी आडनाव विचारतील, मग गाव. त्यांचंही तसं चुकत नाही. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, ज्यू असून मराठी बोलणारे, आणि आमची आडनावंच गावांची. आवासकर भेटला की तो नात्यातला निघणारच. टोरोंटोत आलो त्या वर्षी एटोबिकोत ग्रोसरीच्या रांगेत एक आवासकर भेटले आणि बिल होईपर्यंत ते ह्यांचे चुलत काका निघालेसुद्धा.

तर आमच्या लेकीचं, ऑरलीचं, मटान झिमरमनशी जमलं. मुलगा अगदी गुणी. पहिल्या बर्फात कोणी न सांगता आमचा ड्राइव्हवे शोव्हल करून गेला, तेव्हाच मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. एकच अडचण होती. त्याला कोणी नव्हतं. आजोबा दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडहून एकटेच आले, त्यांची बाकी माणसं ज्यू म्हणून नाझींनी तिकडेच मारली. आता आजोबाही नाहीत आणि आईवडीलही नाहीत.

आमच्या घरात साखरपुड्याला मुलाकडचं वडीलधारं माणूस मुलीच्या तोंडात साखर घालतं. ते ऐकून मटान मला म्हणाला, "लेट्स स्किप इट, आँटी. सिटी हॉल इज फाइन." आपल्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्या लोकांनी बघाव्यात, हे त्याला नको होतं. ऑरली त्याच्यासमोर "शुअर" म्हणाली आणि वॉशरूममध्ये जाऊन रडली. तिला लहानपणापासून हाच सोहळा हवा होता.

ह्यांनी मात्र बाह्या सरसावल्या. "अगं नॉर्मा, झिमरमनांची काय टंचाई आहे? एक आडनाव म्हणजे एक गाव. शोधून काढतो त्याचे भाऊबंद!"

"अहो, त्याला तरी विचारा," मी म्हटलं. पण फोन तोवर कानाला लागला होता.

मुलांना एवढंच सांगितलं की पुडा घरगुती होईल, फक्त आपणच; तेवढ्याला मटान तयार झाला. आठवडाभर ह्यांचे फोन चालले. मग एका संध्याकाळी हे पडल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात आले. एटोबिकोच्या हेल्गा झिमरमन नावाच्या निवृत्त जर्मन शिक्षिकेने ह्यांची चांगलीच शाळा घेतली होती. झिमर म्हणजे पूर्वी इमारतीचं लाकूड. झिमरमन म्हणजे घराचे वासे बसवणारा सुतार. जर्मन मुलखात गावोगाव एक सुतार, म्हणून गावोगाव एक झिमरमन. ज्यूंना तर सरकारने हुकूम काढून आडनावं घ्यायला लावली, तेव्हा कित्येकांनी हेच घेतलं. कोणाचा कोणाशी संबंध नाही.

"म्हणजे भाऊबंद कसले, नुसते सुतार!" हे म्हणाले. "आणि मी सगळ्यांना आमंत्रण देऊन बसलोय."

"मग नको म्हणून कळवा."

"कळवायला गेलो, तर त्या बाई विचारतात, साडी नसली तर चालेल का?"

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगते, त्या आडनावाचं मला कौतुकही वाटलं. आमचं नाव एका गावाला धरून बसलेलं, आणि हे नाव, जिथे घर उभं राहायचं तिथे जाणारं.

पुड्याच्या दिवशी कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये मी मलिद्याचं ताट मांडलं. गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. मटान आला आणि त्याच्यामागोमाग दार पुन्हा उघडलं. टोरोंटोच्या पलीकडचं, वॉटरलूजवळचं एक शेतकरी जोडपं सफरचंदाच्या जॅमच्या बरण्या घेऊन आलं. ती बाई डोक्यावर पांढरी टोपी घालणाऱ्या, साध्या राहणीच्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाची. मारिसोल ही फिलिपिनो नर्स नाइट ड्यूटी संपवून तशीच आली होती. नवरा जाऊन किती वर्षं झाली, पण त्याचं आडनाव तिने सोडलं नव्हतं. "इट्स द ओन्ली थिंग ऑफ हिज दॅट स्टिल फिट्स मी," ती मला हसत म्हणाली. शेवटी काठी टेकत हेल्गाबाई आल्या. सगळे झिमरमन, आणि सगळे मुलाकडच्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

मटानचा चेहरा उतरला. तो ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, यू कान्ट जस्ट कलेक्ट पीपल. दीज आर नॉट माय फॅमिली." आवाज दबका होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. ऑरलीने मान खाली घातली. झालं, मोडलं सगळं, असं मला वाटलं आणि ह्यांचा असा राग आला की काही विचारू नका.

हेल्गाबाई उठल्या. त्यांच्या इंग्रजीतही जर्मन उच्चार लपत नव्हते. "तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझी कोणी नाही. माझ्या आजोबांचं आणि तुझ्या आजोबांचं आडनाव एकच होतं. तुझ्या आजोबांची माणसं मारली गेली. माझे आजोबा जर्मनीत आपल्या घरात सुरक्षित राहिले आणि गप्प बसले. तू म्हणालास तर मी जाते. पण जाण्याआधी तुझ्या आजोबांचं नाव सांगशील?"

मटानने खाली बघत खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. मग म्हणाला, "लायबल."

"लायबल झिमरमन," हेल्गाबाई म्हणाल्या. त्यांनी ते नाव आम्हा कोणालाही जमलं नसतं तसं उच्चारलं.

मटानने चमकून वर पाहिलं. "दॅट्स हाउ ही सेड इट." आणि मग एकेक नाव त्याच्या तोंडून निघू लागलं. आजोबांची बहीण रोझा. धाकटी मिंडल. भाऊ हेर्शल. ऑरलीनेही ही नावं कधी ऐकली नव्हती. तो सांगत होता आणि हेल्गाबाई प्रत्येक नाव त्याच्यामागून म्हणत होत्या. शेतकरीणबाईंनी हात जोडले होते. मारिसोल उघड उघड रडत होती, आणि मीही.

या एका दुपारने त्या माणसांचा हिशेब मिटला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा हक्क मला नाही. पण परक्या पोरासमोर उभं राहून एवढं बोलायला छाती लागते, आणि ते ऐकून घ्यायला त्याहून मोठी. दोघांबद्दल मला फार आदर वाटला. आणि ज्यांच्या चुकीमुळे हे घडलं, ते आमचे हे भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते. या माणसाशी लग्न केलं ते बरंच केलं, असं मला फार दिवसांनी वाटलं.

मटानने माझ्या हातातून साखरेची वाटी घेतली आणि हेल्गाबाईंपुढे धरली. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. "नॉट मी," त्या म्हणाल्या. "तो मान तुझ्या माणसांचा आहे."

"देन से देअर नेम्स अगेन," मटान म्हणाला, "अँड गिव्ह इट फ्रॉम देम."

हेल्गाबाईंनी काठी मारिसोलकडे दिली आणि चिमूटभर साखर उचलली. काठीशिवाय त्यांचा तोल जाऊ नये म्हणून मटानने कोपराला आधार दिला. "रोझा," त्या म्हणाल्या, आणि ऑरलीने तोंड उघडलं.