सण सरेपर्यंत

वल्हांडण या आम्हा ज्यूंच्या आठवडाभराच्या सणाच्या सुट्टीत आमच्या वर्गाची सहल इस्रायलच्या दक्षिणेकडे नेगेवच्या वाळवंटात गेली होती. दुपारी गरम वारा सुटला आणि आमच्या वर्गातला एल्काना मागे पडू लागला.

"काय आजोबा, पाठुंगळी घेऊ का?" आम्ही चिडवलं. तोही हसला. थोड्या वेळाने मात्र तो असंबद्ध बडबडू लागला आणि कोसळला. अंग नुसतं भाजत होतं. वर्गातल्याच होदायाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आम्ही उरलंसुरलं पाणी त्याच्यावर ओतलं. मदतीला बोलावलेलं हेलिकॉप्टर आलं तेव्हा तो गेला होता.

दुसऱ्याच दिवशी त्याला पुरलं. पण सणात सुतक पाळत नाहीत, त्यामुळे त्याच्या आईला आमच्या रीतीप्रमाणे अंगावरचा कपडा फाडून जमिनीवर शोकाला बसता येईना. सणाच्या शेवटच्या दिवशी आम्ही भेटायला गेलो, तर तिने टेबल मांडून ठेवलं होतं.

"बसा रे, खाऊन घ्या," ती म्हणाली. मग होदायाकडे वळली. "एकटा नव्हता ना गं तो?"

"नाही मावशी. माझ्या मांडीवर होता."

तिने मान हलवली आणि ती आम्हाला वाढत राहिली. बाहेर तारे दिसू लागले, सण संपला. तेव्हा तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, गळ्यापाशी अंगातला सदरा फाडला आणि ती जमिनीवर बसली.