उजव्या अंगठ्याची दृष्ट

खोक्यांच्या कारखान्याची पाळी सुटली की पूर्वी बायका तडक घरी जायच्या. हल्ली त्या समोरच्या गाळ्याबाहेर रांग लावत. आत नखबाबा बसायचे. या गाळ्यात आधी छत्र्या दुरुस्त व्हायच्या, आता नशिबं दुरुस्त व्हायची. छत्रीवाला निदान काड्या तरी नव्या घालायचा.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. नखावर पांढरा ठिपका म्हणजे दृष्ट. बाबांचं तेल रोज नखाच्या मुळाशी चोळायचं, की दृष्ट वर चढत जाते. टोकाला आली की बाबा ती कात्रीने कापतात, काहीतरी पुटपुटतात आणि डबीत बंद करतात. आणि ठिपके खरोखरच वर चढत होते. "माझी अर्ध्यावर आली बघ," म्हणत बायका एकमेकींना अंगठे दाखवत. चांगल्या शहाण्यासुरत्या बायका, पण कापलेल्या नखाच्या पाया पडत होत्या.

एका घरची थोरली सूनही आज रांगेत उभी होती, दातओठ खात. ती शाळेत विज्ञान शिकवायची. धाकटी जाऊ याच कारखान्यात खोकी वळायची. तिच्या अंगठ्यावर ठिपके दिसताच सासूबाईंनी तिला इथे आणलं होतं आणि बाबांनी निदान केलं होतं, "हिच्या दुधात दृष्ट उतरलीय. ठिपके जाईपर्यंत लेकराला अंगावर पाजायचं नाही." तेव्हापासून बाळ आजीजवळ बाटलीने पीत होतं आणि धाकटी न्हाणीघरात रडत दूध पिळून टाकत होती. ते आता आटायला लागलं होतं. थोरलीने घरी डोकेफोड करून पाहिली. सासूबाईंचं एकच, "ठिपका वर चढताना मी या डोळ्यांनी पाहिलाय. तू काय पाहिलंयस?"

म्हणून ती आज सोबत आली होती. पुढे बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाई, मागे मान खाली घातलेली धाकटी. उभ्या उभ्या थोरली रांगेतले अंगठे बघू लागली आणि बघता बघता चमकली.

"सगळ्यांचे ठिपके उजव्याच अंगठ्याला कसे हो?" तिने मोठ्यानेच विचारलं.

"माझा डाव्याला आहे," रांगेतली एक बाई म्हणाली.

"तुम्ही डावखुऱ्या का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

थोरलीने दारात पडलेलं बाबांच्या तेलाचं एक रिकामं खोकं उचललं, उलगडून सपाट केलं आणि धाकटीच्या हातात दिलं. "घडी कशी पाडतेस ग? दाखव."

धाकटीने पुठ्ठा दुमडला आणि अंगठ्याचं नख दाबून कडेवरून सर्रकन ओढलं. रांगेतल्या बायकांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. त्या दिवसभर हेच करत होत्या.

"नवं नख मुळाशी तयार होतं," थोरली म्हणाली. "तिथे सारखा असा दाब बसला किंवा ठेच लागली, की तेवढं नख पांढरं उमटतं आणि वाढेल तसं पुढे सरकतं. नेलपॉलिश लावता ना? काही दिवसांनी मुळाशी रिकामी जागा दिसते. ते पॉलिश कोणाच्या मंत्राने वर चढतं?"

कोणीतरी फिसकन हसलं. बाबा खवळले.

"बेटी, जिथे विज्ञान संपतं तिथे नख सुरू होतं. तुझ्या सावलीने माझं तेल नासेल."

तिची सावली उतरवायला तेल शिंपडावं म्हणून त्यांनी नवी बाटली उचलली. बूच घट्ट होतं. बाबांच्या उजव्या अंगठ्याला कायम रेशमी चिंधी बांधलेली असे. तो म्हणे सिद्ध अंगठा. चिंधी घसरत होती. बाबांनी सवयीने ती मागे सारली आणि बुचाखाली नख खुपसलं. डावखुरीने तो हात पकडलाच.

"अगंबाई, यांच्या नखावर तर आपल्यापेक्षा जास्त ठिपके."

"मी भक्तांची दृष्ट स्वतःवर घेतो," बाबा म्हणाले.

"मग झाकता कशाला? आणि तेल तर घरचंच आहे," डावखुरी म्हणाली.

बाटल्या काखोटीला मारून बाबांनी मागच्या दाराने पोबारा केला. दृष्टीची डबी तेवढी राहिली. डावखुरीने उघडली, तर आत नखांचा कचरा.

"मग औषध काय याला?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. घडी पाडायला लाकडी पट्टी घ्यायची, नखं चावायची नाहीत, मुळाशी कोरायचं नाही. ठिपके नखाबरोबर वाढून निघून जातात. कॅल्शियमच्या गोळ्याही उगाच खायला नकोत. सगळीच नखं पांढरी पडली किंवा आडवे पट्टे उमटले, तर मात्र डॉक्टरकडे जायचं. आणि दुधाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही."

"पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं ग."

"पाहिलंत ते खरंच होतं. ते का होतंय, हे तुम्ही कोणाला विचारलं नाहीत."

ठिपका चढताना बघायला डोळे पुरतात. पण त्या डोळ्यांवर विसंबून लेकरू आईपासून तोडायचं असेल, तर आधी डोकं वापरायला हवं. या रांगेत डोकी भरपूर होती. वापरायला आज सुरुवात झाली.

बाळाने भोकाड पसरलं. सासूबाई क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी ते धाकटीकडे दिलं. ती तिथेच गाळ्याच्या पायरीवर बसली आणि रस्त्याकडे पाठ करून तिने बाळाला जवळ घेतलं. रडणं थांबलं.

"येतंय का ग?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

धाकटीने बाळाचा हलणारा गाल बघितला.

"थोडं थोडं," ती म्हणाली.