अकरा वर्षांची दाढी

मित्रांनो, मी एक जुना वस्तरा आहे. आपली गोष्ट सांगायला बसलेले बहुतेक जण आधी आपली थोरवी सांगतात. माझ्याकडेही तशी थोडीफार आहे. ती पटकन सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला मान वर करता येणार नाही.

जळगाव जामोदच्या एका लोहारानं मला घडवलं आणि म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. तिथून दोन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथल्या तुळशीराम न्हाव्यानं मला विकत घेतलं आणि आपल्या चामड्याच्या धोकटीत ठेवलं. चावडीसमोरच्या निंबाखाली त्याचा बसायचा दगड होता. गिऱ्हाईक गुडघ्याला गुडघा लावून समोर बसे. तुळशीराम वाटीतल्या पाण्यानं त्याचे गाल भिजवी, मला पट्ट्यावर दोनदा घाशी आणि गप्पा मारता मारता काम उरकी. कुणाला साधा ओरखडा गेला नाही. लोक म्हणायचे, तुळशीराम दाढी करते का फुंकर मारते, समजतच नाही. ते ऐकून मी फुगायचो. नवं पोलाद होतं, अक्कल कमी होती.

कडूबा हा तुळशीरामचा जिवाचा दोस्त. एकाच वयाचे, एकाच नाल्यात पोहलेले. कडूबा मिरच्या-वांग्यांची बाग करी. त्याच्या लग्नात हळदीच्या आधी त्याची दाढी मीच केली होती. मिशीला मात्र हात लावू दिला नव्हता त्यानं. मोठी झुपकेदार मिशी होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

इंग्रजांच्या राज्यात वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालू लागून तीन-चार वर्षं झाली असतील. नांदुऱ्याच्या बाजारात मिरच्या विकायला गेला की कडूबा येशूची गोष्ट सांगणाऱ्यांजवळ जाऊन बसे. वर्षभर त्यानं नुसतं ऐकलं. मग एके दिवशी पूर्णेच्या पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेऊन आला. घेतला तो घेतला, आणि गावात येऊन सरळ सांगूनही टाकलं.

गाव चावडीवर जमलं. रामराव पाटील काही दुष्ट माणूस नव्हता, पण एक गेला की गाव फुटेल ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. ठरलं असं, की कडूबाला विहिरीवर पाणी नाही, कुणाच्या चुलीचा विस्तव नाही, न्हावी नाही, परीट नाही. आणि तो उठून जायच्या आधी त्याची अर्धी मिशी उतरवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल.

“तुळशीराम, काढ वस्तरा,” रामराव म्हणाला.

तुळशीराम म्हणाला, “पाटील, माह्या हातानं नका करवू हे.”

“मंग उद्यापासून गावात तुहंही काम बंद.”

मित्रांनो, इथं कुणीतरी मोठा माणूस असता तर उठून गेला असता. तुळशीराम उठला नाही. त्यानं धोकटी उघडली. मलाही वाटलं होतं की आपण आज बोथट व्हावं. पण मी बोथट नव्हतो. सकाळीच मला सहाणेवर लावलं होतं आणि माझी धार अगदी पहिल्या नंबरची होती. त्या धारेची आजही मला लाज वाटते.

कडूबा आपणहून दगडासमोर येऊन बसला, नेहमीसारखा, गुडघ्याला गुडघा लावून. तुळशीरामचा हात थरथरत होता. अर्धी मिशी उतरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माणूस कापला. वरच्या ओठापासून गालाकडे चांगली बोटभर चीर गेली. रक्त माझ्या पात्यावरून मुठीपर्यंत आलं. काही लोक हसले. कडूबानं उपरण्यानं ओठ दाबला आणि हळूच म्हणाला, “हात सांभाळ तुळशीराम, तुले लागन.”

एवढं बोलून तो घरी गेला.

पुढच्या आठवड्यात, नेहमीच्या वारी, तो निंबाखाली आला आणि समोर बसला. तुळशीरामनं धोकटी आवरली आणि निघून गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच झालं. तिसऱ्या आठवड्यातही तेच झालं. मग कडूबा येईनासा झाला. मिशी वाढली, तिच्या जोडीला दाढी वाढली. ओठावरची चीर केसांत दडली.

लोक त्याला म्हणायचे, “अरे, नांदुऱ्याले टेसनापाशी न्हावी बसते. काऊन नाही जात?”

तो म्हणायचा, “माहा न्हावी तुळशीराम हाय. तो बलावन तवा करीन.”

लोकांना ती चेष्टा वाटली. मला मात्र ठाऊक होतं की तो खरंच थांबला आहे.

मित्रांनो, आता खरी लाजेची गोष्ट ऐका. मिशी उतरवली ती भीतीपोटी. पण बहिष्कार काही कायमचा टिकला नाही. चौथ्या वर्षी कडूबा विहिरीवर पाणी भरू लागला, कुणी अडवलं नाही. रामरावच्याच घरी त्याची वांगी जाऊ लागली. पुढं रामराव वारला आणि बंदी आपोआप विरली. कडूबा निंबाखाली बसला असता, तर गावात कुणी हूं का चूं केलं नसतं. तरी तुळशीरामनं त्याला बोलावलं नाही. तो समोरून दिसला की तुळशीराम गल्ली बदलायचा. भीती गेली होती, राहिली होती ती लाज. आणि लाज माणसाला माफी मागू देत नाही, तोंड चुकवायला शिकवते.

वच्छलाबाई, म्हणजे तुळशीरामची बायको, एकदा म्हणाली होती, “एक डाव बोलून टाका ना त्याच्यासंग.”

तुळशीराम म्हणाला, “त्याले काई वाटत नाही वं. त्याच्या धर्मात सोसाचंच असते.”

हे वाक्य मी धोकटीत पडल्या पडल्या ऐकलं आणि मला बरं वाटलं. होय, बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कडूबाला सोसायचंच आहे म्हटल्यावर आपल्याला काही करायला नको. त्याची श्रद्धा त्याची होती, पण तिच्या आडोशाला आम्ही दोघं खुशाल बसलो. अशी अकरा वर्षं गेली.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरंच्या घरं आडवी झाली. तुळशीराम आणि वच्छलाबाई दोघंही अंथरुणाला खिळली. पाणी द्यायला कुणी दारात येईना, आणि लोकांचं तरी काय चुकलं, ज्यानं त्यानं आपला जीव सांभाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सावली पडली. छातीपर्यंत दाढी, हातात पेजेचं भांडं. कडूबा आत आला, त्यानं चूल पेटवली, दोघांना पेज पाजली, अंथरुणं उन्हात टाकली. चार दिवस तो रोज आला.

पाचव्या दिवशी कडूबा आला तेव्हा तुळशीरामचा ताप उतरला होता. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “कडूबा, तुले खरंच काई वाटलं नाही?”

“वाटलं नाही कसं?” कडूबा म्हणाला. “त्या दिशी घरी गेलो अन् पोरीसारखा रडलो. दगड घेतला होता हातात, तुह्या डोक्यात घालासाठी. दोन वर्ष तुहं नाव निंगालं तं पोटात आग पडे. येशूच्या मागं जाचं तं आपला वधस्तंभ उचलून चालाचं असते म्हंतेत. मले वाटे, तो लाकडाचा असन, मोठा असन. माहा तं केसाचा निंगाला बे.”

तो हसला. तुळशीरामला हसू आलं नाही.

“अन् तू सोसत राह्यला.”

“सोसलं. देवासाठी सोसलं. पन तू यावं म्हून थांबलो होतो. सोसनं येगळं, अन् दोस्त नसला तं चालन म्हननं येगळं.”

तुळशीरामनं अंगावरची वाकळ बाजूला सारली. मग बायकोला म्हणाला, “धोकटी दे माही.”

मला त्यानं पट्ट्यावर घासलं. हात तापानं अशक्त झालेला. म्हणाला, “आज बी कापलं तं?”

“काप,” कडूबा म्हणाला, आणि पुढं सरकून गुडघ्याला गुडघा लावून बसला.

आधी कात्रीनं दाढी कमी झाली, मग मी चाललो. अकरा वर्षांचे केस मांडीवर, जमिनीवर पडत होते. काळे होते ते पांढरे झालेले. ओठाजवळ आलो आणि केसांखालून ती चीर निघाली. माझीच होती, जशीच्या तशी, बोटभर. तुळशीराम थांबला. त्या चिरेवर त्यानं अंगठा ठेवला आणि म्हणाला, “माफ कर रे मले.”

“एवढं म्हनाले अकरा वर्ष लावले,” कडूबा म्हणाला. “चाल, मिशी राहू दे. बाकी उरक.”

दुसऱ्या दिवसापासून दोघं निंबाखाली बसू लागले. कडूबा बागेतल्या मिरच्यांबद्दल बोलायचा, तुळशीराम ऐकायचा. सात-आठ दिवस असे गेले. मग कडूबाला ताप भरला. आमच्याच घरातून नेलेला ताप होता तो. तुळशीराम त्याच्या उशाशी बसून राहिला, पण तिसऱ्या दिवशी कडूबा गेला. पुरण्याआधी तुळशीरामनं सगळ्या गावादेखत त्याची दाढी केली. त्या वेळी त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.

आता मी एका पत्र्याच्या पेटीत पडून आहे. गंजलो आहे. मला घासा, तेल लावा, असं काही माझं मागणं नाही. एकच सांगतो, मित्रांनो. सोसणारा माणूस गप्प बसला म्हणून त्याचं दुखत नाही असं समजू नका, आणि त्याच्या देवावर आपला भार टाकून मोकळे होऊ नका. आम्हाला अकरा वर्षं मिळाली होती, त्यातले आठ दिवस आम्ही वापरले. तुमच्यासाठीही कुणीतरी दाढी वाढवून थांबलं असेल. त्याच्याकडे आजच जा. उद्या जाऊ म्हणणाऱ्याच्या धोकटीत मी राहिलेलो आहे.