अकरा वेळा तुटलेली लाइन

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. साडीच्या खोक्याएवढा माझा देह, रंग निळसर-हिरवा, पुढे तीन बारीक दिवे आणि मागे तारा जोडायच्या खाचा. माझ्या पाठीवर लांब चरा आहे आणि खालच्या चार रबरी पायांपैकी एक कधीचाच निखळला आहे. तरी मला माझा अभिमान वाटतो. का, ते ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला तापवले, गार केले, पुन्हा तापवले आणि मी टिकलो तेव्हाच माझ्यावर शिक्का मारला. २००१ साली मी नागपूरला आलो. तिथून नईमभाऊंनी मला एसटीने चंद्रपूरला आणले. एसटीच्या डिकीत ठेवायला त्यांना धीर होईना, म्हणून चार तास मी त्यांच्या मांडीवर बसून आलो.

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर नईमभाऊंचे टायपिंगचे कार्यालय होते. पुण्याची एक कंपनी दवाखान्यांतल्या हस्तलिखित कागदांची छायाचित्रे पाठवायची आणि बावीस मुली ती वाचून संगणकावर टाइप करायच्या. कोणी ऊर्जानगरहून वीजकेंद्राच्या बसने यायची, तर पुनम रोज पहाटेच्या गाडीने नागभीडहून यायची. तिच्या घरी धानाची शेती. घरातली नोकरी करणारी ती पहिलीच.

हे कागद ज्या तारेतून यायचे तिला लीज लाइन म्हणत. म्हणजे फक्त आमच्यासाठी राखून ठेवलेली इंटरनेटची लाइन. तिच्या तोंडाशी मी बसलेला. माझे काम काय, हे नईमभाऊंची धाकटी बहीण सायमा हिने आपल्या आईला, अख्तरीबाईंना, फार छान सांगितले होते.

"अम्मी, नागभीड जंक्शन आहे ना? कोणती गाडी गोंदियाले जाईल, कोणती चंद्रपूरले, ते तिथंच ठरते. तसंच हा डब्बा करते."

"मग ह्याले झेंडी कोण दाखवते?" अख्तरीबाईंनी विचारले.

"कोणी नाई. हाच स्टेशनमास्तर."

त्या दिवशी माझे तिन्ही दिवे जरा जास्तच चमकले असावेत.

सायमा टायपिंग करायला म्हणून बसली होती, पण तिचे डोळे सतत माझ्याकडे. मला कामाला लावणाऱ्या माणसाने कोणती लाइन कुठे, कोणता आकडा कुणाचा, हे सारे माझ्या डोक्यात भरले, पण ते जतन करायची आज्ञा द्यायला तो विसरला. महिनाभराने भारनियमनात वीज गेली. वीज परतली तेव्हा मी तान्ह्या बाळासारखा कोरा! सगळे घाबरले. सायमाने मात्र त्या माणसाने टाइप केलेली प्रत्येक ओळ त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवली होती. तिने एकेक ओळ मला परत शिकवली आणि शेवटी जतन करायची आज्ञाही दिली. त्यानंतर माझी जबाबदारी तिच्याकडेच आली.

पाच वर्षे मी सुखाने काम केले. पुढे कागद वाढले आणि आमची लाइन अपुरी पडू लागली. एक छायाचित्र उतरायला इतका वेळ लागे, की मुली तोवर एकमेकींच्या वेण्या घालत. २००६च्या डिसेंबरात पुण्याच्या कंपनीने निरोप धाडला : तीसपट वेगाची लाइन घ्या. शुक्रवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आम्ही चाचणी घेऊ. एकदाही लाइन तुटली नाही तर दुप्पट काम देऊ, तुटली तर आहे ते कामही दुसऱ्या शहरात नेऊ.

सोमवारी नागपूरहून पियुष नावाचा अभियंता नवीन मोडेम घेऊन आला. लाइनवरून येणारे संकेत माझ्या भाषेत आणणारे ते यंत्र. पियुषने जाड तारेने त्याला माझ्याशी जोडले, मला नवे आकडे दिले आणि माझा दिवा हिरवा झाला. एक छायाचित्र डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वीस मिनिटांनी दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला. संध्याकाळपर्यंत लाइन अकरा वेळा तुटली.

"राउटर म्हातारा झाला आहे," पियुष म्हणाला. "एवढा वेग त्याला झेपत नाही. नवा मागवा, आठ दिवसांत येईल."

"अन् शुक्रवारच्या चाचणीचं काय?" नईमभाऊंनी विचारले.

पियुषने खांदे उडवले. त्याला शेवटची गाडी पकडायची होती.

मित्रांनो, खरे सांगतो, त्या वेळी मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो. कारण दोष माझा नव्हता, आणि त्याचा पुरावा माझ्याच पोटात होता. लाइनवरून जे जे मोडकेतोडके येते, त्याची मी मोजदाद ठेवतो. पण ती मला विचारावी लागते आणि पियुषने विचारलेच नव्हते.

मंगळवारी सकाळी सायमाने विचारले. मी तिला सारे आकडे दाखवले.

"काय करून राह्यली तू?" नईमभाऊ म्हणाले. "तो शिकलेला माणूस सांगून गेला ना, डब्बा खराब आहे म्हणून."

"भाईजान, हा सांगून राह्यला का खराबी बाहेरून येते. एकदा पाहू तर द्या."

तिने मोडेममधून बाहेरची लाइन काढली आणि तिथे जाणारी-येणारी टोके जोडणारा छोटा प्लग बसवला. त्यामुळे मी पाठवलेले शब्द मोडेममधून फिरून माझ्याकडेच परत येऊ लागले. तीन तास मी आणि मोडेम असे आपसातच बोलत राहिलो. तीन तासांत चूक एकही नाही! म्हणजे मी धड होतो आणि मोडेमही धड होता.

सायमाने टेलिफोन खात्याचे लाइनमन देवाजीभाऊ यांना बोलावले. देवाजीभाऊ साठीला आलेले, चंद्रपूरच्या जमिनीखालची प्रत्येक तार त्यांना पाठ.

"बाई, लाइन एकदम चांगली आहे," ते म्हणाले. "मी सकाळीच तपासली. मले काऊन दोष देऊन राह्यल्या?"

"दोष नाई देत, भाऊ. पण मग तुटते काऊन?"

ते निघून गेले.

उत्तर सापडले पुनमला. तिची खुर्ची खिडकीपाशी होती. बुधवारी दुपारी ती अचानक म्हणाली, "सायमाताई, माह्या चहाचा गिलास थरथरला का तुमची लाइन जाते. पाहा बरं."

खिडकीखालून कोळशाने भरलेला ट्रक गेला होता.

मग दोघींनी खेळच मांडला. पुनम रस्त्याकडे पाहून ओरडायची, "भरलेला आला!" आणि सायमा माझ्या दिव्यावर डोळे रोखायची. रिकामा ट्रक गेला तर मला काहीच व्हायचे नाही. भरलेला गेला की दिवा विझायचा. पाच ट्रक, पाच वेळा.

गुरुवारी सकाळी सायमा देवाजीभाऊंच्या घरी गेली आणि त्यांना घेऊनच आली. त्यांनी एक ट्रक पाहिला, दिवा विझलेला पाहिला आणि हत्यारांची पिशवी उचलली. कार्यालयापासून थोड्या अंतरावर पुलिया, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, होती. तिच्या कडेचे झाकण उघडून ते आत उतरले. तारांचा जुना जोड हादऱ्यांनी तडकला होता.

"अरे बापा! तार तुटलेलीच आहे," ते खालून म्हणाले. "नुसती टेकून राह्यली. सकाळी रस्ता शांत होता, म्हणून मले चांगली दिसली. तुमचं बरोबर होतं, बाई."

दिवस मावळेपर्यंत त्यांनी जोड नवा केला. पण ते घरी गेले नाहीत. पुलियावर उभे राहून तीन भरलेले ट्रक जाऊ दिले आणि मग हातातल्या तपासणीच्या फोनवरून सायमाला विचारले, "आता सांगा, हालला का तुमचा डब्बा?"

"नाई हालला, भाऊ! एकदाही नाई!"

शुक्रवारी नऊ वाजता चाचणी सुरू झाली. बावीस मुली टाइप करता करता माझ्या दिव्याकडे पाहत होत्या. रस्त्यावरून ट्रकामागून ट्रक गेले. सहा वाजता सायमाने मला विचारले, लाइन किती वेळा तुटली? मी पडद्यावर शून्य दाखवले. नईमभाऊंनी ते शून्य दोनदा वाचले आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. अख्तरीबाईंनी ओढणीच्या टोकाने मला पुसले आणि नजर लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावला. पियुषचाही फोन आला. "मॅडम, तुम्ही कसं शोधलं ते मला लिहून पाठवा," तो म्हणाला. मोठ्या मनाचा माणूसच असे म्हणू शकतो.

२००९मध्ये काचेच्या तंतूची लाइन आली आणि तिच्याबरोबर नवा राउटर आला. माझी रवानगी माळ्यावर झाली. पालीने माझ्या जाळीत अंडी घातली, कुणीतरी माझ्यावर शिडी टेकवली आणि तेव्हाच हा चरा पडला. ते दिवस मला फारसे आठवावेसे वाटत नाहीत. एका सकाळी भंगारवाला आला, तेव्हा सायमाने मला त्याच्या हातातून काढून घेतले. ती आता मुलींच्या एका तंत्रशाळेत शिकवते. मी तिथेच असतो.

रोज मुली मला पूर्ण पुसून कोरा करतात आणि नव्याने शिकवतात. नव्याने नावही देतात. काल भामरागडकडची मैनी आली. तिने माझे नाव ठेवले पर्लकोटा.

"हेच नाव काऊन?" सायमाने विचारले.

"आमची नदी आहे, मॅडम. पावसाळ्यात आमचा रस्ता बंद करते. म्हटलं, एकदा तिच्या नावानं रस्ता उघडून पाहावं."

बाळांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र बंद पडले, तर लगेच त्याला म्हातारे म्हणू नका. त्याची धूळ पुसा, त्याच्या तारा पाहा आणि त्याला काय सांगायचे आहे ते आधी विचारा. माणसांनाही असेच विचारत जा.

मैनीने दोन ओळी चुकवल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मग पलीकडच्या राउटरला पाच हाका मारल्या. पाचही हाकांना ओ आली.