दुसरा पाय

जानकीबाईंनी काशाच्या वाटीला तुपाचं बोट पुसलं, श्यामसुंदर गुप्त्यांचा उजवा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तळव्यावर वाटी फिरवायला सुरुवात केली. गुप्त्यांनी पाय मागे घेऊन पाहिला. पण परबांच्या जानकीबाईंच्या हातात पाय एकदा गेला की तो आपला राहत नाही, हे मालाडच्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“राहू द्या हो जानकीबाई. तुम्ही वडीलधाऱ्या. माझे पाय कसले धरताय?”

“पाय खय धरलंय? तळवो तो. तळव्याक वय नसता.”

गुप्ते खाटेच्या काठावर बसले होते. जानकीबाई खाली पाटावर, भिंतीला पाठ टेकून. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी नीलाताई उद्याचे तांदूळ निवडत होत्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे अधूनमधून पाहत होत्या. हा उपाय त्यांनीच मागून आणला होता. आता यापुढे उपाय उरले नव्हते.

गुप्त्यांना पंधरा रात्री झोप नव्हती. चाळीला ही गोष्ट चौथ्या दिवशी कळली, म्हणजे चाळीच्या मानाने उशिराच. मग प्रत्येकाने आपापली झोप त्यांना थोडी थोडी देऊ केली. दुधात उगाळलेलं जायफळ झालं, खसखशीची खीर झाली, डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापून झालं. खाटेचं तोंड फिरवलं, तर उशी मोरीजवळ आली. शेजारच्या मृणालिनीबाईंनी शंभरापासून उलटे आकडे मोजायला सांगितले. गुप्ते हेडक्लार्क; ते शून्यापर्यंत आले आणि बेरीज पडताळून पाहायला पुन्हा वर गेले. शेवटी त्यांनी कचेरीतून नियमांचं जाडजूड पुस्तक घरी आणलं. त्या पुस्तकाने अख्ख्या कचेरीला वीस वर्षं झोपवलं होतं. पण ‘तात्पुरत्या नोकरांस कायम करणेबाबत’ या प्रकरणाशी पान उघडलं आणि त्यांनी ते मिटून उशाशी ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, मनावर काही ओझं आहे का? गुप्ते म्हणाले, छे. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

ओझं तसं एका ओळीचंच होतं.

अंधेरीच्या त्यांच्या कचेरीत दोन कारकून तात्पुरते होते आणि कायम व्हायची जागा एक. एक कारकून जानकीबाईंचा मुलगा जयवंत. त्याला तिथे चिकटवला तो गुप्त्यांनीच. दुसरा नंदकिशोर, साहेबांच्या मेहुण्याचा मुलगा. मार्चअखेरीस गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी गुप्त्यांना आत बोलावून चहा पाजला होता. नंदकिशोरबद्दल साहेब एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की परब चांगला आहे, पण माणसात शोधलं तर काहीतरी सापडतंच, नाही का? गुप्त्यांचा स्वतःचा अहवाल साहेब लिहीत. गुप्त्यांनी शोधलं आणि सापडलं.

फेब्रुवारीत एका दुपारी जयवंत टेबलावर डोकं टेकून झोपला होता. आदल्या रात्री जानकीबाईंना दम्याची उबळ आली होती आणि पोराने रात्रभर त्यांची पाठ धरून ठेवली होती. गुप्त्यांना हे ठाऊक होतं. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती. म्हणूनच त्यांनी त्या दुपारी त्याला उठवलं नव्हतं. उलट वाऱ्याने कागद फडफडू नयेत म्हणून खिडकी हलक्या हाताने लावून घेतली होती. वीस मिनिटं. मग महिनाभराने त्याच वीस मिनिटांची त्यांनी इंग्रजीत एक ओळ केली. कामाच्या वेळेत झोपलेला आढळला, असा तिचा अर्थ. ओळीत काही खोटं नव्हतं. गुप्त्यांनी आयुष्यात खोटा शेरा मारलेला नव्हता.

तेव्हापासून झोप नव्हती. अहवालांची फाईल उद्या दुपारच्या डाकेने मोठ्या कचेरीत जायची होती. ती गेली की जयवंतची नोकरी एप्रिलबरोबर संपणार होती.

“ह्या बघा,” जानकीबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी बाजूला करून तळवा दिव्याकडे वळवला. तो काळाभोर झाला होता. “ती उष्णता. आतली भायर पडता.”

“काशाचा रंग असेल तो,” गुप्ते म्हणाले.

“माज्या पायार इतको काळो येत नाय.”

नीलाताईही वाकून पाहून गेल्या आणि म्हणाल्या, बाई गं, एवढी? गुप्त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

जानकीबाई चोळता चोळता बोलत राहिल्या. बोलायचा विषय जयवंतच. पोरगा कायम झाला की गावच्या घरावर नवी कौलं घालायची आणि वेंगुर्ल्याकडची एक मुलगी बघून ठेवलीय, तिच्याकडे निरोप धाडायचा, असं सगळं त्यांच्या डोक्यात ठरून गेलं होतं. तुम्ही त्याला नोकरी लावलीत, ते उपकार असे तळव्याने फिटायचे नाहीत, असंही त्या म्हणाल्या. गुप्ते हूं हूं करत होते. वाटीची फेरी मंद होत गेली. मग बोलणं मंद झालं. मग दोन्ही थांबलं.

नीलाताईंनी मान पुढे करून पाहिलं. जानकीबाईंची हनुवटी छातीवर टेकली होती. श्वास घरघरत होता, पण लयीत. एक हात वाटीवर, दुसरा गुप्त्यांच्या घोट्याभोवती.

“झोपल्या,” नीलाताई कुजबुजल्या. “आडवं पडलं की त्यांना दम लागतो. बसूनच लागते झोप, तीही कधीतरी. हलू नका आता.”

“अगं, पण मी...”

“तुम्हाला नाहीतरी झोप नाहीच,” नीलाताई म्हणाल्या आणि तांदळाचं ताट घेऊन आत निजायला गेल्या. वीस वर्षांच्या संसारात ही बाई आडवी पडली की पाचव्या मिनिटाला झोपत असे. गुप्त्यांना त्याचा पूर्वी राग यायचा. आता नुसताच हेवा वाटला.

थोड्या वेळाने दाराशी जयवंत आला. आईला न्यायला आला होता. आतलं दृश्य पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. आपल्या आईच्या मांडीवर हेडक्लार्कचा पाय, हे त्याला आवडलेलं दिसलं नाही. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्याने चपला बाहेर काढल्या.

“काका, कधी लागली?”

“पाऊण तास झाला.”

“तिची झोप एवढी टिकत नाही,” जयवंत म्हणाला. “थोडा वेळ राहू दे? तुम्हाला त्रास...”

“राहू दे. तू बस.”

तो उंबऱ्यावर बसला. गुप्ते त्याच्या डोक्याकडे पाहत राहिले. टेबलावर टेकलं होतं ते हेच डोकं. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“जयवंत, तुझ्या अहवालात मी शेरा मारलाय.”

जयवंतने मान वर केली.

“कामावर झोपतोस म्हणून. उद्या फाईल जाते. तू कायम होणार नाहीस, नंदकिशोर होईल.” पुढचं बोलताना गुप्त्यांचा आवाज नकळत चढला. “तू का झोपला होतास, ते मला...”

“हळू बोला,” जयवंत म्हणाला. “आई उठेल.”

  गॅलरीतून कुणीतरी बादली घेऊन गेलं, तिचा आवाज नळापर्यंत ऐकू आला. जयवंत उठला असता, ओरडला असता, निदान पाय मांडीवरून खाली फेकला असता, तर गुप्त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या खोलीत आज आवाज करायची कुणालाच सोय नव्हती.

गुप्त्यांनी पायाला धक्का न लावता उशीखाली हात घातला आणि चौघडी घातलेला कागद पुढे केला. जयवंतने तो गॅलरीतल्या दिव्याखाली नेऊन वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. कारकून वाचतो तसा. शेऱ्यात दुरुस्ती करावी. सदर कारकून वीस फेब्रुवारीला, एकदाच, आईच्या आजारातल्या जागरणामुळे झोपला होता. ही गोष्ट माहीत असूनही आपण ती नमूद केली नाही, अशा अर्थाचं ते इंग्रजी पत्र होतं. इंग्रजी उत्तम होतं. पाच वेळा लिहून काढलेलं होतं.

तो परत आला. आता तो बसला नाही.

“साहेब, तारीख चुकलीय,” तो म्हणाला. चाळीत तो त्यांना पहिल्यांदाच साहेब म्हणाला. “वीस नाही, एकोणीस. वीसला मी रजेवर होतो, आईला इस्पितळात नेलं होतं. वर ताडून बघतील.”

“बरं.”

“आणि खाली सही नाही.”

“राहिली.”

“कधीपासून?”

“दहा दिवस झाले.”

जयवंतने खुंटीकडे पाहिलं. तिथे गुप्त्यांचा कोट होता आणि कोटाला पेन होतं. ते चार पावलांवर होतं आणि गुप्त्यांचा पाय दुसऱ्याच्या ताब्यात होता. जयवंतने जाऊन पेन काढलं, टोपण उघडलं आणि उशाशी पडलेलं नियमांचं पुस्तक कागदाखाली धरलं. गुप्त्यांनी विसाचे एकोणीस केले. खाडाखोडीपाशी नियमाप्रमाणे छोटी सही केली. मग खाली मोठी.

“मी नेऊन देऊ साहेबांना?”

“नको. मीच देतो.”

सहीशिवायच्या कागदाकडे पाहावं तसा जयवंत त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिला. मग त्याने कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, पेन वर अडकवलं आणि कोट खुंटीवरून काढून खाटेच्या पायथ्याशी टाकला, समोर दिसेल असा.

“आईला सांगू नका,” तो म्हणाला. “पुन्हा वाटी लावायची नाही ती तुम्हाला.”

तो विनोद होता की काय, ते गुप्त्यांना कळलं नाही. जयवंत उंबऱ्यावर गुडघ्यात मान घालून बसला, आणि थोड्या वेळाने त्यालाही तिथेच झोप लागली. आत नीलाताई झोपल्या होत्या, इथे मायलेक झोपले होते. गुप्त्यांच्या मांडीला मुंग्या आल्या, मग मांडी आहे की नाही तेच कळेनासं झालं. त्यांनी पाय हलवला नाही. उद्या साहेब चहा पाजणार नाहीत, एवढं नक्की होतं. पुढचं काहीच नक्की नव्हतं. फाईल थांबेल, किंवा साहेब पत्र वाचून टोपलीत टाकतील, आणि मग गुप्त्यांच्याही अहवालात शोधलं तर काहीतरी सापडेल. एकदा दाराकडून वारा आला आणि कॅलेंडरचं पान फडफडलं. गुप्त्यांनी हात लांब करून ते दोन बोटांनी दाबून धरलं.

पहाटे दूधवाल्याच्या किटलीने जानकीबाई जाग्या झाल्या. मांडीवरचा पाय पाहून ओशाळल्या.

“अगे बाय माजे. डोळो कसो लागलो, कळाकच नाय. दुसरो पाय रवलोच.”

“राहू दे,” गुप्ते म्हणाले. “एकाने भागलं.”

“तुमका झोप लागली मां?”

गुप्त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी जानकीबाईंचा श्वास हलका चालला होता.

“लागली की,” ते म्हणाले. “अगदी गाढ.”

हा त्यांचा आयुष्यातला पहिला खोटा शेरा. मग त्यांनी एक काळा, एक पांढरा असे दोन्ही पाय जमिनीला लावले आणि उभं राहता येतं का, ते खाटेला धरून पाहू लागले.