दीपालीचं टोकन

सकाळपासून पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीतला माझा कम्प्युटर लॉगिन केल्याबरोबर मला बाहेर फेकून राहिला होता. खिडकीशी बागायतदारांची रांग वाढत होती. हे लॉगिन बनवणाऱ्या दीपालीला मी सौसरला तिसऱ्यांदा फोन लावला.

"काय बनवून ठेवलं हो ताई हे?"

"अंकुशभाऊ, पुन्हा लॉगिन करा अन् टोकन उघडून वाचा."

टोकन म्हणजे लॉगिन झालं की सर्व्हर पाठवतो ती अगम्य अक्षरांची लांबलचक चिठ्ठी. ती मी अक्षरं उलगडून दाखवणाऱ्या डीकोडरमध्ये टाकली. नाव माझंच होतं. दिल्याची वेळ अकरा, संपायची वेळ अकरा दहा.

"सगळं तर बरोबर आहे! मग काऊन फेकून राहिलं मले?"

"तुमच्या कम्प्युटरात किती वाजले?"

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. अकरा वीस. म्हणजे कम्प्युटरच्या लेखी टोकन आल्याआल्याच संपलेलं.

तोंडातली शिवी तोंडातच राहिली. संध्याकाळी तिगावची गाडी चुकू नये म्हणून ते घड्याळ कालच मी वीस मिनिटं पुढे केलं होतं.

"सांगा ना भाऊ, किती वाजले?"

"अकरा," मी म्हणालो, अन् माउस हळूच घड्याळाकडे नेला.

"हो का?" दीपाली म्हणाली. "मग आता होईल लॉगिन."